मुख्यालय सोडण्याची परवानगी

आमच्या गल्लीत नवा माणूस आला की कोणी त्याचं आडनाव विचारतं, कोणी गाव. अंबादासकाका एकच विचारायचे, "लढाई लागली तं तुमी काय कामाचे?"

बदली होऊन मी मेहकरला आलो तेव्हा सामानाचा टेम्पो दारातच होता आणि प्रश्न आला. मी म्हटलं, "कारकून आहे." काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चालते. कागदाबिगर गोळीबी हालत नाई." मी पास झालो.

काका सरकारी धान्य गोदामाचे निवृत्त गोदामपाल. बायको वारलेली, मूलबाळ नाही. अंगात खाकी शर्ट, डोक्यावर पांढरी टोपी आणि डोक्यात कायमची लढाई. "सीमेवरच्या बंदुकीले काय पाहता? बंदुकीमागं गोळी, गोळीमागं कारखाना, कारखान्यामागं कामगार, कामगारामागं भाकर, भाकरीमागं ज्वारी. अन् ज्वारीमागं कोन?" इथं ते थांबायचे. आपण "गोदामपाल" म्हटल्याशिवाय पुढं सरकायचे नाहीत. "सारा देश जुंपा लागते, बाबू. एकबी मानूस रिकामा ठेवून जमत नाई."

सारा देश हाताशी नसल्यामुळे त्यांनी गल्ली जुंपली. ब्युटी पार्लरवाल्या ताई जखमींना पट्ट्या बांधणार, कारण त्यांचा हात हलका. लग्नाच्या बँडवाल्यानं भोंगा वाजवायचा. पापडवाल्या मावशींकडं फौजेचे पापड. माझ्या बायकोच्या कुंड्यांतली जास्वंद पाहून ते म्हणाले, "हे खाता येते काय?" आठवड्याभरात तिथं भेंडी उगवली. एकदा संध्याकाळी सात वाजता दिवे घालवण्याचा सराव ठरला. वीज पावणेसातलाच गेली ती सव्वाआठला आली. सराव शंभर टक्के यशस्वी झाल्याचं काकांनी जाहीर केलं.

आम्ही त्यांच्यावर खूप हसलो. मी जरा जास्तच.

मग एका उन्हाळ्यात सीमेवर खरंच तणाव झाला. आमच्या कचेरीत आदेश आला, सगळ्यांच्या रजा रद्द, मुख्यालय, म्हणजे नेमणुकीचं गाव, कोणी सोडायचं नाही. संध्याकाळी ओट्यावर मी तो मोबाइलमधून वाचून दाखवत होतो. काकांनी विचारलं, "रिटायर लोकाईचं काय लिहेल हाये?"

मी चेहरा सरळ ठेवून वाचल्यासारखं केलं, "माजी पुरवठा कर्मचाऱ्यांनी पुढील आदेशापर्यंत मुख्यालय सोडू नये."

बँडवाला तोंडावर रुमाल धरून आत पळाला. काका मात्र उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "हाव, साहेब." त्या दिवसापासून मी त्यांचा बाबू राहिलो नाही, साहेब झालो. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी, हापशीजवळ खुर्ची टाकून ते सकाळी सहाला हजर.

थोड्याच दिवसांत सगळं निवळलं. सरकारनं आपला आदेश मागं घेतला. मी माझा घेतला नाही, कारण तो माझ्या लक्षातच नव्हता; काका हापशीजवळ रोज बसतच होते, पण ती मला त्यांची नेहमीची हौस वाटली.

काकांची मोठी बहीण साखरखेर्ड्याला असायची. तिला ते अक्का म्हणत. दर उन्हाळ्यात काका तिच्याकडं रस खायला जात. या उन्हाळ्यात गेले नाहीत, हे मला दिसायला हवं होतं.

मी दोन दिवस देऊळगाव राजाला मित्राच्या लग्नाला गेलो होतो. बायकोचा फोन आला, "काका बंद पाकिटात अर्ज घेऊन आलेत. तुमच्याच हातात द्यायचा म्हणतात." मंडपात वाजंत्री चालू होती. मी हसलो आणि म्हटलं, "म्हणावं, साहेब दौऱ्यावर आहेत."

परत आलो तर काका माझ्या पायरीवर पिशवी घेऊन बसलेले. पाकीट फोडलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की मोठी बहीण अत्यवस्थ आहे, तरी एक दिवस मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.

"काका, अहो, जायचं ना! विचारायचं काय त्यात?"

"असं कसं जाता येईन, साहेब? आदेश हाये ना."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी मोटरसायकल काढली, पण सही झाल्याशिवाय ते बसेनात. मी सीटवर कागद ठेवून सही केली.

वाटेत ते माझ्या पाठीमागून बोलत होते. "लहानपनी लढाई लागली होती, तवा अक्कानं जवानासाठी स्वेटर इनला. मी धा वर्साचा. म्हनलं, मी काय करू? मले म्हने, तू लोकरीचा गुंडा धर, तुही लढाई हेच. महिनाभर धरला, साहेब. तवापासून मले वाटते, परतेकाले काई ना काई धरता येते."

अक्का सकाळीच गेली होती. अंगणात बायका बसल्या होत्या. भाचा काकांच्या गळ्यात पडून म्हणाला, "मामा, दोन दिवस दाराकडंच पाहत होती. काऊन नाई आले तुमी?" काका म्हणाले, "ड्युटी होती रे." मी चपला शोधायच्या निमित्तानं खाली पाहत राहिलो.

चौथ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. हातात रुजू झाल्याचा अहवाल. "परवानगी एक दिवसाची होती. दोन दिवस जास्तीचे झाले. काय कारवाई असंन ते करा."

रात्रभर मी वाक्य जुळवलं होतं. काका, तो आदेश खोटा होता, मी मस्करी केली, मला माफ करा. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "साहेब, एवढे दिवस माह्या जागी कोन होतं?"

त्यांच्या डोळ्यांत खरी काळजी होती. एवढ्या मोठ्या देशात आपली जागा रिकामी राहिली की काय, याची.

"मी होतो, काका," मी म्हणालो.

"बसले होते तुमी?"

"सहा वाजल्यापासून."

"मंग ठीक हाये," ते म्हणाले. त्यांनी टोपी काढली, पायरीवर बसले, आणि चार दिवसांत पहिल्यांदा रडले.