नानांचा ओटा आणि न दिसणारे साहेब

निहार आणि ईशा, मागे व्हिडिओ कॉलवर तुम्ही हसत विचारलं होतं, "आजी, कॉम्प्युटरसमोर टोपी घालून, हात जोडून उभे आहेत ते कोण?" ते खोलीतच होते, म्हणून मी उत्तर टाळलं. आता त्यांचं काम संपलंय. सांगू का, असं त्यांनाच विचारलं. त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "त्या दूर शेतस, अक्का. त्यास्ले सांगा."

हे नाना, आमच्या खालच्या मजल्यावरचे. बायको गेल्यावर धुळ्याचं घर विकून ते जळगावला आले. घर विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो. दुसरं घर घेतलं किंवा जुन्या घरात सुधारणा केली असली, की तेवढी वजावट मिळते. नानांचा नवा फ्लॅट लहान, म्हणून सुधारणांचा खर्च मान्य होणं गरजेचं होतं. नाहीतर म्हातारपणासाठी ठेवलेली एफडी मोडावी लागणार होती. त्यावरच आयकर खात्याने तपासणी लावली. हल्ली हे सगळं ऑनलाइन चालतं, अधिकारी दिसत नाही. प्रश्न इंग्रजीत, म्हणून नाना माझ्याकडे. मी वाचायला लागले की ते उभे राहत.

"बसा ना, नाना."

"साहेब बोली ऱ्हायना, आनि मी बशी जाऊ?"

"अहो, हा नुसता पडदा आहे."

"साहेब पडदामांगे शे ना!"

घरात ठोकलेला प्रत्येक खिळा त्यांच्या मते सुधारणा. रंग, नळाचे वॉशर, इतकंच काय, मोरीतली नवी बादलीसुद्धा त्यांनी खर्चात धरली होती.

"बादली म्हणजे घर नव्हे, नाना."

"मंग आंघोळ काय घरबाहेर करानी?"

खात्याने बादली अर्थातच उडवली. मागे बांधलेली खोली मान्य केली. मग प्रश्न आला स्वयंपाकाच्या ओट्याचा. ही रक्कम मोठी. आधी ओटा उंच बांधला, मग तोच फोडून खाली घेतला, शिवाय दारही रुंद केलं. यात सुधारणा कोणती, ते कळवा.

नाना खुर्चीवर टेकले. बायकोचे दोन्ही पाय गेले होते, हे मला तेव्हा कळलं. चाकाच्या खुर्चीत बसून तिला पोळ्या करता याव्यात म्हणून ओटा खाली आणला होता. गल्लीला पत्ता लागू दिला नाही. तिला कुणी कीव केलेली चालत नसे.

मी म्हटलं, "नाना, एवढंच लिहू. डॉक्टरांचा दाखला जोडू. साहेब नक्की मान्य करतील."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तिनी कोनले सांगं नही. आते मी सरकारले सांगू?"

"सरकार गल्लीत सांगायला जाणार आहे का?"

"ओटा काढी टाका, अक्का."

मी काढला. नानांनी एफडी मोडून कर भरला आणि प्रकरण मिटलं.

धुळ्याला त्याच गल्लीत माझी मावसबहीण राहते. तिच्याकडून कळलं, नव्या मालकाने घर पाडलं, तिथे आता तीन मजले उभे आहेत. नानांच्या बायकोचा विषय निघाला की तिथल्या बायका अजूनही म्हणतात, "भारी तोरा व्हता तिले. कधी कोनना घरनी पायरी चढनी नही."