रांगेचा सराव

शहागंजात बशीरभाईंच्या नान-खलियाच्या, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याच्या, दुकानापुढे दर रविवारी संध्याकाळी रांग लागायची आणि आमचे शेजारी सालोमनकाका त्या रांगेत हटकून असायचे. धक्के खात, गप्पा मारत पुढे सरकायचे. नंबर आला की मागच्याला म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढं," आणि उपाशीपोटी घरी यायचे.

"मियाँ, कभी तो खा लो!" बशीरभाई कळवळून म्हणत.

"मैं तो प्रॅक्टिस कू आया," हे काकांचं ठरलेलं उत्तर.

सराव कशाचा, तर मुंबईच्या एका खानावळीचा. काका बेने इस्राएली, म्हणजे आपले मराठी ज्यू. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे वडील नोकरीनिमित्त कोकणातून औरंगाबादेत आले आणि हे इथेच मुरले. ज्यूंना मटण कोशेर लागतं, धर्माच्या रीतीनं कापलेलं. गावात तसं कापणारे एकच गृहस्थ होते, ते इस्रायलला गेले. त्यांच्यामागून बाकीची घरंही गेली. काकू वारलेल्या, मूलबाळ नाही. काका एकटेच मागे राहिले आणि वांग्याच्या भाजीवर आले. कॉलनीत नव्यानं आलेल्यांना तर ते कोकणस्थ ब्राह्मणच वाटत.

भायखळ्याला डायनाबाईंची कोशेर खानावळ होती. तिथं नारळाच्या दुधातलं मटण मिळायचं, काकांची आई करायची तसं. पण आधी सांगून जागा धरायची सोय नव्हती. जायचं, रांगेत उभं राहायचं, पातेलं संपलं की परत फिरायचं. काकांचा बेत वर्षानुवर्षं शिजत होता. पानिपतालाही इतकी तयारी झाली नसेल.

"शुक्रवार नको, सांजेपासून शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, म्हणून बाई लवकर बंद करती. शनवारी तर कुलूपच. पावसाळा नको, छत्र्यांनी रांग लांबती." चहाचाही प्रश्न होताच, कारण त्यांच्या धर्मात मटणावर गाई-म्हशीचं दूध चालत नाही. "म्हणून चहा गाडीतच उरकायचा. नियोजन पायजे, राव!"

"आणि आपला नंबर यायच्या आत पातेलं संपलं तर?"

"म्हणून तर सराव!"

शेवटी माझी बायको म्हणाली, "तुम्हीच न्या हो त्यांना. नाहीतर हा सराव जन्मभर चालायचा."

एका सोमवारी आम्ही पोचलो. रांग गल्लीच्या तोंडापर्यंत आलेली. "शालोम, शालोम" म्हणत लोक एकमेकांची चौकशी करत होते, तीही अस्सल मराठीत. एका आजीबाईंनी काकांचं गाव विचारलं. दुसऱ्या एकाला त्यांची आत्या माहीत निघाली. काका असे खुलले, की मी आपला बॅग धरून नुसता बघत राहिलो.

नंबर आला. काकांनी मागच्या जोडप्याला सांगितलं, "तुम्ही व्हा पुढं."

मला वाटलं, जित्याची खोड! पण त्यांनी आणखी तिघांना पुढे सोडलं. आतून मटणाचा वास येत होता आणि माझ्या पोटात कावळे कोकलत होते. मी भडकलोच. "अहो काका, इतक्या वर्षांची तयारी, आणि आता दारातून मागे सरता? पातेलं संपेल ना!"

"आत गेलं की जेवण उरकतंय, राव," काका हळूच म्हणाले. "मग उठावंच लागतं. हितं आपल्या माणसांत लई वर्षांनी उभा राह्यलोय."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मीही उभा राहिलो.

रांग सरली. पदराला हात पुसत डायनाबाई दारात आल्या. "संपलं हो पातेलं."

माझं तोंड उतरलं. काका मात्र म्हणाले, "हरकत नाही, पुन्हा येऊ."

"पुन्हा कशाला? घरातल्यांचं काढून ठेवलंय, आम्ही आत्ताच बसतोय. आमच्यातच बसा की. या."

काका दारातच थबकले. सवयीनं त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

"तुम्ही व्हा पुढं," मी म्हणालो.