वॉल्टच्या रायफलचा भाव

मिराशीकाकांच्या हातून आयुष्यात झुरळसुद्धा मेलेलं नाही. घरात कोळी निघाला तर त्याच्यावर वाटी उपडी घालायची, खालून पुठ्ठा सरकवायचा, बाहेर अंगणात नेऊन सोडायचं आणि वर "जपून जा रे" म्हणायचं, अशी त्यांची रीत. आणि याच गृहस्थांच्या स्वयंपाकघरात दर ऑक्टोबरात शिकाऱ्यांची रीघ लागायची. जुनी रायफल विकायची असो की घ्यायची, आमच्या पंचक्रोशीत भावाच्या बाबतीत शेवटचा शब्द काकांचा.

पंचक्रोशी पेनसिल्व्हेनियातली. स्टेट कॉलेज नावाच्या शहरापासून तासाभरावर डोंगरात एक पोलादाचा कारखाना आणि त्याच्याभोवती वसलेलं गाव. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो म्हणून शाळांना सुट्टी देणारं. २००३ साली मी तिथे प्रोजेक्टवर गेलो तेव्हा गावात मराठी घर एकच होतं आणि ते नेमकं माझ्या अपार्टमेंटसमोर होतं. काका धातुशास्त्रातले डॉक्टर. सत्तरच्या दशकात आले, त्याच कारखान्यात राबले, तिथूनच रिटायर झाले. गाव त्यांना 'डॉक' म्हणायचं.

कुठलीही वस्तू समोर आली की काकांचं वाक्य ठरलेलं, "आधी नळी बघू." मी जुनी गाडी घ्यायला निघालो तर इंजिन राहिलं बाजूला, काका सायलेन्सरच्या नळीत बॅटरी मारून जमिनीवर आडवे. व्हॅक्युम क्लीनरची नळी, बागेतल्या पाण्याची नळी, माझ्या टेबललॅम्पचीसुद्धा नळी. काकू म्हणायच्या, "मला बघायला आले होते ना, तेव्हा माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. सगळा वेळ आमच्या बंबाच्या नळीत डोकावत होते. वडिलांना वाटलं, मुलगा लाजाळू आहे."

रायफल बघण्याचा सोहळा मात्र पाहण्यासारखा असे. टेबलावर जुनी चादर अंथरायची. "भरलेली नाही ना?" हे मालकाला विचारायचं, मग त्याच्यावर विश्वास न ठेवता स्वतः तपासायचं. काकू तोवर देवघराचं दार लावून घेत आणि लांबूनच ओरडत, "नीट पाहिलंत ना हो?" मग बोल्ट, म्हणजे मागची सरकती खिटी, काढायचा, उजेडासाठी मागच्या बाजूला पांढरं कार्ड धरायचं आणि पुढून नळीत एक डोळा लावून गप्प बसायचं. आत गंजाचे खड्डे आहेत का, तोंडाची कड झिजली आहे का. नंतर लाकडी दस्ता, त्याला तडा गेलाय का. शेवटी स्क्रू. "स्क्रूचं डोकं खाल्लेलं दिसलं की समजावं, मालक हौशी आहे. हौशी माणसाची बंदूक आणि हौशी माणसाची बायको, दोघींनी फार सोसलेलं असतं," हे मला मराठीतून. समोरचा दाढीवाला बिचारा उगाच हसायचा.

कुणी इंटरनेटवरचे भाव प्रिंट करून आणले तर काका कागदाला हातसुद्धा लावत नसत. "इंटरनेटवरचा भाव म्हणजे लग्नाच्या बायोडाटामधली उंची. दोन इंच कमी करूनच वाचायची." मग थोडा वेळ छताकडे बघून आकडा सांगायचे. त्यात घासाघीस नाही. एकाने एकदा रडवेल्या आवाजात सांगितलं, ही माझ्या आजोबांची आहे. काका म्हणाले, "असेल. पण आजोबांचे वेगळे पैसे मिळत नाहीत." विकणारा तोंड पाडून जायचा, घेणारा खूश होऊन, आणि पुढच्या मोसमात दोघेही परत यायचे.

काका याचे पैसे घेत नसत. पण शिकारी कृतज्ञ जात. मोसम संपला की दारात हरणाच्या मांसाची पाकिटं येऊन पडायची. नको म्हणणं काकांना जमत नसे. काकू ती पिशवी चिमट्याने धरल्यासारखी दोन बोटांत धरून माझ्या दारात आणून ठेवायच्या, "घे रे बाबा, तुमच्यात चालतं." मी कोल्हापूरचा. मला नुसतं चालत नव्हतं, धावत होतं. त्या हिवाळ्यांत मी तांबड्या रश्श्याचे जे प्रयोग केले त्यांची सर अजून कशाला आलेली नाही.

काकांच्या शेजारी वॉल्ट राहायचा. त्याच कारखान्यात भट्टीवर फोरमन होता. उंच, गोरा, दिवसाला दहा शब्द बोलणारा. काका दिवसाला दहा हजार बोलायचे, त्यामुळे दोघांचं उत्तम जमायचं. मधल्या कुंपणाला टेकून काका बोलताहेत आणि वॉल्ट "येप" म्हणतोय, हे दृश्य मी किती वेळा पाहिलं असेल. २००६ च्या वसंतात वॉल्ट झोपेतच गेला. त्या दिवशी काका कुंपणापाशी नुसते उभे होते.

उन्हाळ्यात वॉल्टच्या बायकोने, डोरिसने, घर विकून ॲरिझोनाला लेकीकडे जायचं ठरवलं. सामानाचा गराज सेल मांडायचा होता. ती वॉल्टची रायफल घेऊन काकांकडे आली. म्हणाली, "डॉक, योग्य भाव सांग. तू सांगशील त्याच भावाची चिठ्ठी लावते."

मी तिथेच होतो. काकांनी चादर अंथरली नाही. बोल्ट काढला नाही. छताकडेसुद्धा न बघता म्हणाले, "बाराशे."

मी चाट पडलो. तीन मोसम काकांच्या शेजारी बसून मलाही थोडं कळायला लागलं होतं. दस्त्याला सरळ दिसेल असा तडा, वर डिंकासारखं काहीतरी फासलेलं, स्क्रूंची डोकी उंदरांनी कुरतडल्यासारखी. कुणी अडीचशे दिले तरी घेऊन मोकळं व्हावं. डोरिस गेल्यावर मी विचारलं, "काका, नळी?"

"बघितलीय," काका तुटकपणे म्हणाले आणि आत निघून गेले.

काकूंनी माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. "विकली जाऊ नये म्हणून बाराशे सांगितलेत. मला कळत नाही होय?"

"मग स्वतःच घ्या ना सरळ."

"मी तेच म्हटलं. तर म्हणतात, मी काय शिकारी आहे? लोक हसतील. हसू देत की! पण नाही."

शनिवारी सेल लागला. लोक येत, चिठ्ठी वाचून शीळ घालत आणि पुढे जात. काका घडीची खुर्ची टाकून रायफलच्या शेजारीच बसले होते. गिऱ्हाईक गेलं की त्यांचा चेहरा खुलायचा. दुपारपर्यंत तर ते चक्क चिवड्याचा डबा घेऊन बसले.

मग एक ट्रक थांबला. शेजारच्या गावचा रे नावाचा शिकारी. काकांनी पूर्वी त्याच्या दोन रायफली पारखल्या होत्या. त्याने चिठ्ठी वाचली. "भाव कुणी सांगितला?"

"डॉकने," डोरिस म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला," असं म्हणून रेने खिशातून नोटांचं पुडकं काढलं. रायफल उचलून बघितलीसुद्धा नाही.

काकांच्या हातातला चिवडा हातातच राहिला. इतकी वर्षं जपलेली अब्रू त्यांच्यावर अशी उलटली होती. गप्प बसले असते तर डोरिसचं भलं झालं असतं. डॉकचा शब्द म्हणून रेनेही पुढे तक्रार केली नसती. पण काका उठले.

"थांब, रे. ती बाराशेची नाही. मी खोटं बोललो."

आणि मग त्यांनी रायफल हातात घेऊन एकेक खोड सांगायला सुरुवात केली. "हा तडा. इथे नवा होतो, वॉल्टबरोबर जंगलात गेलो, मला बर्फात चालता येत नव्हतं. मी घसरलो, मला धरायला वॉल्टने ही टाकून दिली, खाली खडक होता. हे स्क्रू. वॉल्टला सांगून दमलो, नीट पेचकस आण. हा भाजी कापायच्या सुरीने खोलायचा." डोरिस हसली, डोळे पुसत.

"आणि नळी," काका म्हणाले, आणि अडले. "माझी आई गेली म्हणून मी भारतात होतो. घरी बायको एकटी. पायऱ्यांवर बर्फ, ही पडली, खुबा मोडला. वॉल्ट तेवढ्यात जंगलातून येत होता, भिजलेला. ओली बंदूक ट्रकमध्ये टाकली आणि हिला उचलून हॉस्पिटलात नेलं. मी परत येईपर्यंत तिथून हलला नाही. बंदूक ट्रकमध्ये तशीच. नळीला आतून गंजाचे खड्डे पडले. मी आल्यावर म्हणाला, डॉक, तू लोखंडाचा माणूस, बघ काही होतं का. तेव्हा मी पहिल्यांदा बंदुकीच्या नळीत पाहिलं." त्यांनी रेकडे बघितलं. "काही होत नाही. नेम चुकतो हिचा. दोनशे चाळीस. एक डॉलर जास्त देऊ नकोस."

रेने नोटा खिशात घातल्या. "मला नको, डॉक," एवढंच म्हणाला. टेबलावरचा पन्नास सेंटचा एक पान्हा उचलून डोरिसच्या हातात डॉलर ठेवला आणि सुटे न घेता गेला.

डोरिस काही बोलायच्या आत काकू पर्स घेऊन कुंपणापलीकडून आल्या, एक पाय किंचित ओढत. दोनशे चाळीस डॉलर डोरिसच्या मुठीत कोंबले आणि तिला मिठी मारून रडल्या. डोरिसने पैसे घेतले. फुकट दिली असती तर काकांनी घेतली नसती, हे तिलाही माहीत होतं.

संध्याकाळी गेलो तर काका टेबलापाशी बसून नळीत तेलाचा बोळा सारत होते.

"काका, खड्डे जातील त्याने?"

"छे, ते कुठले जाताहेत!" काका मान वर न करता म्हणाले. "अरे, इथे दुकानदारापासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांना उठसूट थँक्यू म्हणायचं. म्हटलं, वॉल्टला काय म्हणायचं, तो तर घरचा. हॉस्पिटलातून आलो तेव्हाही म्हणालो नाही. उलट रागावलो, ओली बंदूक ट्रकमध्ये ठेवतात का म्हणून."

"मग ते काय म्हणाले?"

"येप म्हणाला," काका म्हणाले, आणि पुढचा बोळा तेलात बुडवला.