बावीस बटणं, एकच वाक्य

सासऱ्यांसाठी यंत्राच्या पडद्यावर बटणांची एक छोटीशी खिडकी करून द्यावी, हा विचार बटणरावांच्या मनात आला तेव्हा ते आंघोळ करत होते. डोक्याला साबण, डोळे मिटलेले. अशा अवस्थेत माणसाला सगळीच कामं सोपी वाटतात. ‘दोन तासांचं काम,’ ते स्वतःशी म्हणाले. (त्यांच्या धंद्यात हे वाक्य कुणी उच्चारलं की जाणती माणसं रजेचा अर्ज लिहायला घेतात.)

बटणराव हे त्यांना कारखान्यात पडलेलं नाव. तिथे पॅकिंगची मशीनं बनत, आणि प्रत्येक मशीनच्या अंगावर बोटाने दाबायचा एक पडदा (टचस्क्रीन) असे. पडद्यामागे एक छोटीशी भाषा आधीच बसवलेली. तिच्यात चार ओळी लिहिल्या की एक चौकोन उमटतो. त्याला नाव द्यायचं, दाबल्यावर काय करायचं ते सांगायचं, की झालं बटण. पंधरा वर्षं ते हेच करत आले होते. ‘चालू’, ‘बंद’, ‘पुढे’, ‘मागे’. घरात मात्र त्यांच्या या कलेचा कुणाला काडीचा उपयोग झाला नव्हता.

सासऱ्यांना झटका येऊन सहा आठवडे झाले होते. उजवं अंग गेलं होतं आणि वाचा गेली होती. समज शाबूत होती, वाचता येत होतं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडकत. डाव्या हाताने लिहायला गेले तर नुसत्या रेघोट्या. मानेनेही ‘हो’ म्हणताना ‘नाही’ होऊन जाई. “मानेवर विसंबू नका,” असं वाचेचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. ते मुलीच्या, म्हणजे बटणरावांच्याच घरी, मागच्या खोलीत, छताकडे बघत पडून असत. मुलगी विचारी, “बाबा, पाणी हवंय? पाठ दुखतेय? उशी सरकवू?” आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. ते कशाचं होतं हेही विचारायची सोय नव्हती.

तर बटणरावांनी कारखान्यातून मोडीत काढलेला एक पडदा मागून आणला आणि एका वाकत्या दांड्यावर बसवून सासऱ्यांच्या छातीसमोर आणला. त्याचं तोंड सासऱ्यांकडे, पाठ जगाकडे. पहिल्या दिवशी चारच बटणं केली: ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘हो’, ‘नाही’. आवाज बायकोचा भरला. प्रत्येक बटण स्वतः दाबून पाहिलं.

सासऱ्यांनी थरथरतं बोट उचलून पहिलं बटण दाबलं. “पाणी,” पडदा म्हणाला. बायकोने पाणी पाजलं आणि मग ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

इथेच थांबले असते तर बटणरावांचं नाव घरात निघालं असतं. पण यश पचवायलाही पोट लागतं. रविवारी त्यांनी यादी वाढवली. ‘उशी’, ‘दिवा’, ‘पंखा’, ‘कूस बदला’, ‘मुलीला बोलवा’ असं करत करत ती एकवीसवर गेली. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, “त्यांना नकारही देता आला पाहिजे. माणसाला कधीतरी कुणीच नको असतं.” म्हणून बाविसावं बटण झालं: ‘मला एकटं सोडा’. ते भरताना बायकोचा आवाज दोनदा फुटला. तिसऱ्या खेपेला जमलं.

आता बावीस बटणं एकेक करून लिहिणं हे शहाण्या माणसाचं काम नव्हे. बटणरावांनी यादी एका फेऱ्यात घातली, म्हणजे एकदा लिहायचं आणि यंत्राने बावीस वेळा करायचं. दहा ओळींत काम झालं. स्वतःवरच खूश होऊन त्यांनी शेवटचं बटण दाबून पाहिलं. “मला एकटं सोडा,” पडदा स्वच्छ आवाजात म्हणाला. शेवटचं चालतंय म्हणजे आधीची एकवीस चालणारच, असा हिशेब करून ते बॅग भरायला गेले, कारण सोमवारी परगावी एक मशीन बसवायचं होतं.

मंगळवारी दुपारी बायकोचा फोन आला.

“अहो, बाबा कालपासून एकच म्हणतायत.”

“काय?”

“मला एकटं सोडा.”

“मग सोड की.”

“अहो, मी पाण्याचं विचारलं तरी तेच. कूस बदलू का विचारलं तरी तेच. माझ्याच आवाजात मला सांगतायत, एकटं सोडा.”

“अगं, ही प्रगती आहे. बाई म्हणाल्याच होत्या, नकार देता आला पाहिजे.”

“तुमचं ते नीट चालतंय ना?”

“कालपरवाचा मुलगा आहे का मी? पंधरा वर्षं बटणं करतोय.”

बायकोने फोन ठेवला. तिने पाणी आणि औषधं वेळेवर देणं चालू ठेवलं, विचारायचं बंद केलं, आणि खोलीचं दार लोटून घेतलं. आतून मधूनमधून तिचाच आवाज येत राहिला.

बुधवारी तिचा थोरला भाऊ आला. माणूस वाईट नव्हता, पण निर्णय पटकन घेण्याची त्याला खोड होती. त्याने खुर्ची ओढली आणि विचारलं, “बाबा, एक चांगलं शुश्रूषागृह पाहिलंय. तिथे नर्स आहेत, वेगळी खोली आहे. जाल का?”

सासऱ्यांनी बोट उचललं. “मला एकटं सोडा,” पडदा म्हणाला.

“म्हणजे आमच्यात राहायचं नाही?”

“मला एकटं सोडा.”

“मला एकटं सोडा.”

“मला एकटं सोडा.”

“झालं तर,” भाऊ म्हणाला. “त्यांचंच म्हणणं आहे.” बोलायला बहिणीकडे आवाज उरला नव्हता, तो सगळा पडद्यात भरलेला होता. गुरुवारी सकाळी दहाला गाडी येईल असं ठरलं.

गुरुवारी पावणेदहाला बटणराव घरी पोचले, तेव्हा दाराशी सासऱ्यांची पेटी होती. बायकोने दोन वाक्यांत झालेलं सांगितलं आणि चहा न देता आत निघून गेली. बटणराव निरोप घ्यायला म्हणून मागच्या खोलीत गेले. चार दिवसांत सासरे खंगले होते. गाल आत गेले होते, ओठ सुकून पांढरे पडले होते.

“बाबा, तिथे तुम्हाला बरं वाटेल,” ते म्हणाले. स्वतःच्याच कानाला ते खोटं लागलं.

सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, आणि वरच्या ओळीतलं डावीकडचं पहिलं बटण दाबलं. “मला एकटं सोडा.” तीन-चार श्वासांपुरते थांबले. दुसरं दाबलं. “मला एकटं सोडा.” पुन्हा थांबले. तिसरं. बोट थरथरत होतं पण ओळ चुकत नव्हतं. पहिली ओळ संपली, दुसरी सुरू झाली.

नवव्या बटणाला बटणरावांना ही पद्धत ओळखीची वाटली. सासरे लिफ्ट तपासणीस होते. तीस वर्षं त्यांनी इमारतींच्या लिफ्टमध्ये शिरून खालपासून वरपर्यंत प्रत्येक मजल्याचं बटण दाबलं होतं आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडेपर्यंत वाट पाहिली होती. बटणरावांच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नवरदेवाकडची आठ माणसं लिफ्टमध्ये कोंबलेली असताना त्यांनी अकराच्या अकरा मजले तपासले होते. हा माणूस तक्रार करत नव्हता. तो तपासणी करत होता, आणि जावयाला दाखवत होता.

बटणरावांनी वाकून स्वतः ‘पाणी’ दाबलं.

“मला एकटं सोडा,” बायको म्हणाली. म्हणजे पडदा म्हणाला.

कळायला एक क्षण पुरला. फेऱ्यात त्यांनी यादीतला एकेक शब्द एकाच डबीत टाकला होता, आणि प्रत्येक बटणाला सांगितलं होतं, ‘दाबलं की डबीत असेल ते बोल.’ बावीस बटणं होईपर्यंत डबीत शेवटचा शब्द उरला होता. ही चूक कारखान्यात नव्याने आलेले लोक पहिल्या आठवड्यात करतात. बटणराव ती त्यांना समजावून सांगत. आणि चार दिवस एक तहानलेला माणूस ‘पाणी’, ‘नाही’, ‘मुलीला बोलवा’ असं ओरडत होता, आणि घर त्याला एकटं सोडत होतं.

त्यांनी आधी पेला भरून सासऱ्यांच्या ओठांना लावला. सासरे दोन पेले प्यायले.

मग मेहुणा आला, मागे स्ट्रेचर घेऊन दोन माणसं. बटणराव दारात आडवे उभे राहिले.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “बाबा तसं काहीच म्हणाले नव्हते. मला पाच मिनिटं द्या.”

“गाडी खोळंबलीय,” मेहुणा म्हणाला.

“दादा, खोळंबू दे,” बायको मागून म्हणाली. भावासमोर पहिल्यांदाच तिचा आवाज पडद्यातून न येता तिच्या तोंडून आला होता.

दुरुस्ती एका ओळीची होती. बटण बनतानाच त्याचा शब्द त्याला देऊन टाकायचा, डबीवर ठेवायचा नाही. घाईघाईत बटणरावांनी ती ओळ तीनदा चुकवली. या वेळी बावीसही बटणं त्यांनी दाबली, आणि सगळे जण उभे राहून ती ऐकत होते.

“बाबा,” मेहुण्याने विचारलं, “तिकडे जायचंय का?”

“नाही,” पडदा म्हणाला. मग बोट सरकलं. “मुलीला बोलवा.” ती समोरच उभी होती. सासऱ्यांनी तेच बटण पुन्हा दाबलं, आणि ती त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडली.

स्ट्रेचर रिकामं परत गेलं. बायको पुढचे आठ दिवस बटणरावांशी ‘हो’ आणि ‘नाही’ या दोनच शब्दांत बोलली.

दोन महिन्यांनी, पापक्षालन म्हणून, बटणरावांनी खिडकीची नवी आवृत्ती केली. गोल कडांची बटणं, प्रत्येकावर चित्र, मागे आकाशी रंग. पंधरा दिवस खपून, सगळं तीनतीनदा तपासून त्यांनी ती सासऱ्यांसमोर उघडली. सासऱ्यांनी बराच वेळ पाहिलं. त्यांचा जबडा हलू लागला, मानेची शीर ताठली.

“जु… जुनं,” ते म्हणाले. स्वतःच्या तोंडाने. “जुनं आण.”

बायकोने लगेच व्यायामाच्या बाईंना फोन लावला. बाई दुपारी आल्या, तेव्हा सासऱ्यांनी ते दोन्ही शब्द पुन्हा म्हणून दाखवले, बटणरावांकडे बघत. बाईंनी उत्साहाने फाईल उघडली. या वाचेचं थोडं श्रेय नव्या आवृत्तीलाही मिळेल अशा आशेने बटणराव त्यांच्या खांद्यावरून डोकावले.

बाईंनी लिहिलं होतं: ‘रुग्ण वैतागले की बोलतात. जावयांनी रोज एक तास जवळ बसावे.’