काशिनाथआप्पांचा मऊ टायर

तुमच्या सायकलची हवा कुणी तुम्हाला न विचारता काढली, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? टवाळ म्हणाल, माथेफिरू म्हणाल. मी त्याहून वाईट बोललो होतो, आणि तेही केजच्या अभ्यासिकेसमोर, पंधरा-वीस जणांच्या देखत.

आभाळ भरून आलं म्हणून घाईनं बाहेर पडलो, तर माझ्या रेसर सायकलच्या मागच्या चाकाशी एक सत्तरीचे गृहस्थ उकिडवे बसलेले. कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे, डोक्यावर टोपी. फुस्. अंगठ्यानं टायर दाबून पाहिला. पुन्हा फुस्.

"कुणाला विचारून काढताय हवा?"

"ढग आलेत," ते म्हणाले. जशी काही परवानगी ढगांनीच दिली होती.

दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा अधिकार कुणालाच नाही, यावर मी तिथंच भाषण ठोकलं. अशा विषयांवर मी पत्रकं काढतो, त्यामुळं वाक्यं तयार होती. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं का? आता दाबून बघ. मघा दगड होता."

हे काशिनाथआप्पा. तहसील कचेरीसमोर त्यांचं सायकलचं दुकान आहे. पाऊस दिसला की दुकान उघडं टाकून ते गावभर उभ्या असलेल्या सायकलींची थोडी थोडी हवा काढत फिरतात. ओल्या रस्त्यावर घट्ट फुगलेला टायर घसरतो, जरा सैल असला तर रस्त्याला बिलगतो, असं त्यांचं म्हणणं. लोकांचं म्हणणं, आप्पांचं डोकं फिरलंय. दोन्ही गोष्टी गावानं मान्य केल्या आहेत आणि पावसाळ्यात प्रत्येक जण घरी पंप ठेवतो.

दुकानाच्या दारात एक शहाबादी फरशी आहे, पाय घासून घासून गुळगुळीत झालेली. टायर घ्यायला कुणी आलं की आप्पा तिच्यावर तांब्याभर पाणी ओततात, टायर दाबून धरतात आणि ओढतात. सर्रकन सरकला की परत खुंटीला. अडखळत, कुरकुरत आला की आप्पांचा चेहरा उजळतो. "बघा, पाण्यात पकडतंय."

"पण आप्पा, ह्याला नक्षी कुठं हाय?" गिऱ्हाईक विचारतं.

"नक्षी लुगड्याला बघावी. टायरचं रबर बघा. नख दाबा. रुतलं का?"

"रुतलं. पण मग काटा बी रुतल की."

हे आप्पाही नाकारत नाहीत, कारण ते खरं आहे. आमच्या भागात रस्त्याच्या कडेला बाभळी, आणि मऊ रबरात काटा लोण्यात शिरावा तसा शिरतो. म्हणून सगळ्यांना कडक टायर हवा असतो, काट्याला दाद न देणारा आणि वर्षानुवर्षं चालणारा. आप्पा तो विकतच नाहीत. उलट त्यांच्या मऊ टायरचं पंक्चर ते फुकट काढून देतात. असा धंदा करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

एकानं विचारलं होतं, "किती वर्षं टिकल हो?"

"टायर किती टिकल ते ईचारता. तुमी किती टिकाल ते कोन ईचारनार?"

तो शेजारच्या दुकानात गेला.

पुढं मलाही टायर बदलायची वेळ आली. मी रोज युसूफ वडगावला मुलींचा वर्ग घ्यायला जातो. टिकाऊ तेच घ्यावं, उगाच फेकत राहू नये, हे माझं तत्त्व. आप्पांच्या खुंटीला, अगदी आत, एक टायर मी हेरला होता. काळाभोर, खोल नक्षीचा, नख लागू न देणारा.

"हा द्या."

"त्यो न्हाई."

"कावून न्हाई? विकायला नाही तर टांगलाय कशाला?"

आप्पांनी तांब्या खाली ठेवला.

"सुनंदाचा हाय."

सुनंदा त्यांची एकुलती लेक. ती अकरावीला असताना हा टायर आप्पांनी स्वतः निवडून तिच्या सायकलला घातला होता. काटा शिरत नाही म्हणून लई खुशीत होते. सकाळी पंपानं हवाही त्यांनीच ठासून भरली. ट्रॅक्टरांनी शेतातली काळी माती डांबरावर आणलेली, त्यावर भुरभुर पाऊस पडला. कळंब रोडच्या वळणावर सायकल साबणासारखी निसटली. तिचा उजवा कोपर पुन्हा कधी सरळ झाला नाही. आज ती लातूरला परिचारिका आहे. सायकलवर मात्र पुन्हा बसली नाही.

"पोरगी अजून म्हनती, आप्पा, मीच जोरात वळले." आप्पांनी टायरवरची धूळ हातानं पुसली. "बघ की. नवाच हाय अजून."

"मग तिला सांगा ना खरं."

माझ्या आवाजाला पत्रकाची धार होती. मला ती नको होती, पण सवय.

"फोन लावतो रं. लावला की तीच आधी ईचारती, जेवलात का, गोळी घेतली का. मग सांगायचं ऱ्हातंच."

त्या दिवशी मी मऊ टायर घेतला. आप्पांनी तो माझ्यासमोर फरशीवर तीनदा ओढून दाखवला. चाकात बसवताना मान वर न करता म्हणाले, "तू लिवतोस म्हनं. हे लिव. माझ्या नावानिशी लिव. ती वाचती समदं."

म्हणून लिहिलं. आता तुमच्याकडं मागणं. उद्या सकाळी घरातल्या मुलीची सायकल बाहेर काढा आणि टायरवर नख दाबून पाहा. रुतलं नाही, तर पावसाआधी तो बदला. काटे शिरतील, शिरू द्या. आणि लातूरला, उजवा कोपर सरळ न होणारी सुनंदा नावाची परिचारिका भेटली, तर तिला एवढं सांगा: ती जोरात वळली नव्हती.