बर्वे आणि गांजाचा प्रश्न

माझी बायको गेली त्याच्या चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे बर्वे भेटायला आले. समोर बसले. मला वाटलं, आता म्हणतील धीर धरा. ते म्हणाले, "वाईट झालं. आता मुद्द्यावर या. गांजानं माणसाचं डोकं बिघडतं, की बिघडणारं डोकंच गांजाकडं जातं? आपलं मत सांगा."

आतून सून बाहेर आली. तिला वाटलं, दुःखात मीच गांजा मागितला.

मी म्हणालो, "मला काय ठाऊक?" बर्व्यांनी खिशातून वही काढली. तिच्यात तीन रकाने. 'गांजामुळे', 'आधीपासूनच' आणि 'विचार न करणारे'. मला तिसऱ्यात टाकलं. म्हणाले, "सुतकात आहात म्हणून पेन्सिलीनं लिहिलंय."

हे बर्वे म्हणजे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. वय सत्तर. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. लग्न केलं नाही. धाकट्या भावाबरोबर राहतात, पण तो भाऊ खाली उतरलेला कोथरूडात कुणी पाहिला नाही. दारावर पाटी आहे: 'बेल एकदाच वाजवावी. आत माणसं राहतात, बहिरी नाहीत.'

सोसायटीतले लोक त्यांना बघून जिन्यानं पळायचे. बर्वे मग बसमध्ये विचारायचे. एकदा कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, आधी पुढं सरका." त्याचीही नोंद झाली, तिसऱ्या रकान्यात.

तिसऱ्या मजल्यावर कंप्युटरवाली एक पोरगी राहते. ती म्हणाली, "काका, चिल! बाहेरच्या देशांत लीगल आहे. प्लांट आहे, एकदम नॅचरल."

"धोतराही नॅचरलच असतो," बर्वे म्हणाले. "आपल्या कुंडीत लावून देऊ का?"

आता कुणाला वाटेल, हा माणूस गांजाच्या विरोधात. तसंही नाही. चेअरमनबाई म्हणाल्या, गांजानंच पोरं वेडी होतात, सगळ्यांना आत टाका. तर बर्वे त्यांच्यावरही उखडले. "मग ओढणारे सगळेच का होत नाहीत? आपण मुद्द्यावर या." म्हणजे कुणी हो म्हटलं की यांचं नाही, कुणी नाही म्हटलं की यांचं हो. असा माणूस भेटला तर आपण काय करतो? दार लावतो. मी लावलं नाही. खरं सांगतो, तेराव्यानंतर माझ्याकडं यायचं सगळ्यांनी बंद केलं. बर्वे तेवढे रोज संध्याकाळी यायचे. मी चौथी शिकलेला, मार्केट यार्डात जन्मभर गोणी वाहिल्या. आम्ही दोघं रोज भांडायचो. घरात आवाज राहायचा.

एक दिवस मी त्यांना यार्डातली गोष्ट सांगितली. आमच्यात रामा नावाचा हमाल होता. तीस वर्षं चिलीम ओढली, एक गोण चुकीच्या गाळ्यावर टाकली नाही. आणि किसन होता. त्यानं जेमतेम एक हंगाम ओढली. मग म्हणायला लागला, बटाटे माझ्याबद्दल बोलतात. आम्ही हसायचो. बटाटा त्याच्या कानाला लावायचो आणि विचारायचो, काय म्हणतोय? नंतर तो कामावर आलाच नाही.

बर्व्यांनी वही उघडली होती, पण लिहिलं काहीच नाही. म्हणाले, "त्याला सांभाळलं कुणी?"

"आईनं."

"आई गेल्यावर?"

"कुणी विचारलं नाही."

बर्वे चहा अर्धा टाकून उठले.

नंतर दोन दिवस ते आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मी जिना चढलो, बेल एकदाच वाजवली. दार उघडलं ते भावानं. माधव. गोळ्यांनी सुजलेलं अंग, पांढरी दाढी, आणि डोळे शाळेतल्या पोरासारखे. हळू आवाजात म्हणाला, "दादाला ताप आहे. पंखा मोठा करू नका, पंखा सगळं ऐकतो."

बर्वे पलंगावर पडलेले. कपाळावर ओला मोजा. माधवनं ठेवलेला, घडी मात्र नीट.

मी खुर्ची ओढली. बर्वे मोज्याखालून म्हणाले, "मीच दिला होता."

"काय?"

"गांजा. त्याला. कॉलेजात असताना. मी नोकरीला लागलो होतो. मित्रांबरोबर खडकवासल्याला गेलो, हा मागं लागला. पाण्याजवळ बसलो. तो नको म्हणत होता. मी म्हणालो, घाबरटासारखा वागू नकोस, घे. पुढं वर्षभरात त्याला आवाज ऐकू यायला लागले. एक डॉक्टर म्हणाले, त्यानंच झालं असेल. दुसरे म्हणाले, आत होतंच, कधीतरी वर आलं असतं. पंचेचाळीस वर्षं विचारतोय. आपण तरी सांगा."

मला गोड बोलता येत नाही. बायकोच्या छातीत दुखत होतं तेव्हा मी पित्त आहे म्हणून सोडा पाजला होता. मीही रोज विचारतो, भिंतीला. म्हणून सरळच बोललो. "दिला नसता तर बरं झालं असतं. यापुढचं मला कळत नाही. पण बर्वे, अख्ख्या पुण्याला विचारलंत. याला विचारलंत का?"

बर्वे उठून बसले. मोजा मांडीवर पडला. डोळ्यांनीच मला नको नको म्हणत होते.

मी विचारलं. "माधवराव, दादानं तुम्हाला खडकवासल्याला नेलं होतं, आठवतं?"

"आठवतं की."

"राग येतो का दादाचा?"

माधवनं पंख्याकडं बघितलं, मग म्हणाला, "येतो. नेहमी एकटाच जायचा. मला कधी न्यायचा नाही. त्या दिवशी नेलं. दादाच्या मित्रांत बसलो मी. कणसं खाल्ली. परत कधी नेलंच नाही."

बर्वे भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. खांदे हलत होते. मी तिकडं बघितलं नाही. उठून ओट्याकडं गेलो आणि चहाचं भांडं शोधायला लागलो.

माधव मागोमाग आला. "डावीकडं आहे," म्हणाला. "आलं घालू नका. दादाला सोसत नाही."