तळ्यातल्या घोड्याचा डोळा

"पुन्हा त्या डिस्कला हात लावलास ना, तर तुझी बॅग दाराबाहेर!"

"अहो दाजी, मी नुसती बघत होतो!"

"तू बघतोस आणि वस्तू मोडते. मिक्सर बघितलास, मिक्सर गेला. गिझर बघितलास, गिझर गेला!"

भोवऱ्या नावाच्या या मेहुण्याचं डोकं फिरलं, पण त्याने डिस्क परत डबीत ठेवली. शाळा सोडल्यावर वडिलांनी हाकललं होतं. आता ताईचं घर तेवढं उरलं होतं.

दाजी दुकानांचे बोर्ड हाताने रंगवायचे. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांच्या दंतकथेवरचा, एकेक चित्र हाताने काढलेला सिनेमा त्यांनी डिस्कवर खास मागवला होता. तळ्यातून घोडा निघतो आणि पाठीवर बसेल त्याला घेऊन बुडतो. संध्याकाळी दाजींचे गुरू, म्हणजे मास्तर, तो बघायला येणार होते.

दाजी दुकानावर गेले आणि भोवऱ्याचा हात शिवशिवला. त्याने डिस्क लावली. चित्र इतकं लख्ख, की घोड्याभोवतीची पेन्सिलची रेघन् रेघ दिसत होती. आणि ती रेघ थरथरत होती!

हाताने काढलेल्या चित्रात रेघ थरथरतेच, हे भोवऱ्याला कुठं ठाऊक! 'मेलो! चरे पडले!' चरे टूथपेस्टने जातात, हे त्याने मोबाईलवर पाहिलं होतं. त्याने डिस्कला पुदिन्याची पेस्ट फासली आणि ती भांडी घासायच्या घासणीने घासघास घासली. धुऊन उजेडात धरली, तेव्हा चरे खरंच दिसायला लागले.

संध्याकाळी सिनेमा सुरू झाला. घोड्याने पाण्यातून डोकं वर काढलं, एक हिरवा डोळा उघडला आणि चित्र तिथेच थांबलं. तो डोळा थेट भोवऱ्याकडे बघत होता.

"क्या बात है!" दाजी कुजबुजले. "बघा मास्तर, दिग्दर्शकाने चित्र कसं रोखून धरलंय!"

"छाती लागते रे त्याला," मास्तर म्हणाले. "हल्ली इतकं थांबतो कोण?"

"अहो, पण हे हलत का नाहीये?" ताईने विचारलं.

"शूऽऽ! तुला नाही कळायचं त्यातलं."

बऱ्याच वेळाने चित्राने एकदम शेवटावर उडी मारली. घोडा तळ्यात गडप, सिनेमा खलास! मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. भोवऱ्याच्या जिवात जीव आला. दाजींनी तर चक्क त्याच्या पाठीवर थाप मारली.

"गंमत सांगू?" चष्मा पुसत मास्तर म्हणाले. "हीच डिस्क माझ्याकडेही आहे. पण तिच्यात तो घोडा असा थांबत नाही. तुझी काहीतरी वेगळीच दिसतेय. काढ बघू बाहेर."

दाजींची मान ताठ झाली. त्यांनी ऐटीत बटण दाबलं. डिस्क बाहेर आली.

"अगं, हा पुदिन्याचा वास कुठून येतोय?" दाजींनी विचारलं.

भोवऱ्याचा एक पाय चपलेत गेलासुद्धा होता.

"ताई, माझी बॅग कुठंय गं? मला आता निघायला हवं."